फाटकापर्यंत पोचलेली हक्का

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी नंदुरबार जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर चौदा वर्षं शिकवतो. मुलं घरी पावरी बोलतात, शाळेत मराठी. मातृभाषा-शिक्षणाच्या कामासाठी प्रतिनियुक्तीवर जिल्ह्याला येता का, अशी विचारणा झाली आहे. तैवानमध्ये शिक्षक घडवणाऱ्या एका विद्यापीठाचे प्रमुख थेट हक्का भाषा-संस्कृती खात्याचे मंत्री झाले, असं वाचलं. वर्ग सोडून कचेरीत गेलेला शिक्षक भाषेसाठी खरंच काही करू शकतो का?"

करू शकतो. पण कचेरीत गेल्यावर सगळ्यात आधी त्याच्या हाती येतो तो कार्यक्रमांचा निधी, आणि भाषेला सगळ्यात कमी उपयोग त्याचाच होतो. मेळावा, सप्ताह, नृत्यस्पर्धा, स्मरणिका. हा पैसा मार्चच्या आत खर्चही होतो आणि फोटोही छान येतात. भाषेला हवा असतो मुलाच्या दिवसातला वेळ, आणि वेळ मिळवणं हे कचेरीतलं सगळ्यात किचकट काम आहे. तैवानच्या हक्का लोकांची गोष्ट मला याच कारणासाठी मोलाची वाटते. त्यांनी वीस-बावीस वर्षांत जवळपास सगळं करून पाहिलं, आणि कशाने काय होतं हे आपल्याला तिथे बघायला मिळतं.

मी बावीस वर्षं द्विभाषिक प्राथमिक शिक्षणात काम करते आहे. त्यातली दोन वर्षं अभ्यासाच्या निमित्ताने दक्षिण तैवानात, पिंगतुंगला राहिले. तिथे जे पाहिलं ते तुमच्या प्रश्नाला धरून सांगते.

हक्का या शब्दाचा अर्थच 'पाहुणी घराणी'. उत्तर चीनमधून शतकानुशतकं दक्षिणेकडे सरकत आलेले, ग्वांगडोंग, फुजियान, जियांगशीच्या डोंगराळ भागात वसलेले हे लोक. तिथून सतराव्या-अठराव्या शतकात बरेच जण समुद्र ओलांडून तैवानला आले. उत्तरेला ताओयुआन, शिंचू, म्याओली हा त्यांचा मोठा पट्टा. दक्षिणेला पिंगतुंग आणि काओशुंगमधला ल्यूदुई. ल्यूदुई म्हणजे सहा तुकड्या. १७२१ च्या बंडाळीत गावं राखायला हक्कांनी स्वतःच्या सहा पलटणी उभ्या केल्या, आणि तीनशे वर्षांनंतरही तो मुलूख त्याच नावाने ओळखला जातो. आपल्याकडे हा शब्द नूडल्सच्या गाडीवरून आला. त्यामागे कोलकात्याच्या टांगऱ्यात चामडं कमावणारी हक्का वस्ती आहे. १९६२ च्या युद्धानंतर भारतातल्या चिनी वंशाच्या कित्येकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं गेलं, नंतर टांगऱ्यातली बरीच कुटुंबं कॅनडाला गेली. त्यांच्या हातची चव देशभर पसरली, त्यांची बोली मात्र त्या चार गल्ल्यांतून बाहेर पडली नाही. टांगऱ्यातल्या त्या भाषेमागे कुठलं सरकार नव्हतं, तैवानमधल्या भाषेमागे एक अख्खं खातं उभं राहिलं. तरी तिथेही खरी अडचण घराच्या आतच निघाली, त्याकडे पुढे येतेच.

दुसऱ्या महायुद्धानंतर तैवानात मंदारिन ही राष्ट्रभाषा म्हणून शाळेत सक्तीची झाली. माझ्या घरमालकीणबाई तेव्हा सत्तरीच्या होत्या. त्यांच्या शाळेत कुणी हक्का बोललं की गळ्यात पाटी अडकवत: 'मी बोलीभाषा बोलणार नाही.' ती पाटी गळ्यातून काढायचा मार्ग एकच, बोली बोलणारं दुसरं मूल पकडून द्यायचं. बाई म्हणायच्या, "मी माझ्या मामेबहिणीला पकडून दिलं." पासष्ट वर्षं होऊन गेली होती, तरी हे सांगताना त्या हातातला कप खाली ठेवायच्या. पुढे आई झाल्यावर त्या मुलांशी मंदारिनच बोलल्या. त्यांना तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि ही पाटी अडकवणारे शिक्षकच होते, हे आपण आपल्या व्यवसायाबद्दल नीट लक्षात ठेवायला हवं. एका पिढीत घरची भाषा लाजेची करून टाकायची ताकद शाळेत आहे. ती उलट दिशेनेही वापरता येते, पण त्याला लागणारा काळ सारखा नसतो. मोडायला एक पिढी पुरली, पुन्हा उभं करायला दोन-तीन लागतील असं मला तिथे राहून वाटलं.

१९८७ मध्ये मार्शल लॉ उठला. २८ डिसेंबर १९८८ ला हजारो हक्का लोक तैपेईच्या रस्त्यावर उतरले. 'आमची मातृभाषा आम्हाला परत द्या' ही त्यांची मागणी. चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यत-सेन, ज्यांना हक्का आपले मानतात, त्यांची तसबीर पुढे, आणि तसबिरीच्या तोंडावर कापडी मुसकं बांधलेलं. पुढे रेडिओ-टीव्हीवर बोलींना असलेली बंधनं १९९३ मध्ये कायद्यातून गेली, २००१ मध्ये हक्का परिषद हे मंत्रालयाच्या दर्जाचं खातं झालं, २००३ मध्ये हक्का वाहिनी सुरू झाली, त्याच वर्षी एका राष्ट्रीय विद्यापीठात हक्का अभ्यासाचं स्वतंत्र महाविद्यालय निघालं, २००५ पासून भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षा, २०१० मध्ये हक्का मूलभूत कायदा. २०२२ पासून २८ डिसेंबर हाच राष्ट्रीय हक्का दिवस आहे.

आता तुम्ही वाचलेले गृहस्थ. त्यांचं नाव ल्यू चिंग-चुंग. पिंगतुंगच्या राष्ट्रीय शिक्षण विद्यापीठाचे ते प्रमुख होते, म्हणजे प्राथमिक शिक्षक घडवणाऱ्या जुन्या संस्थेचे. २०१४ मध्ये ते हक्का परिषदेचे मंत्री झाले. त्या पदावर वकील आले, पत्रकार आले, राजकीय कार्यकर्ते आले, शिक्षण क्षेत्रातून आलेला माणूस हा वेगळा योग होता. त्यांचा कार्यकाळ दोन वर्षंही भरला नाही. खात्यात जे झालं ते एका माणसाच्या खात्यावर जमा करणं बरोबर नाही, आणि ते मी करणार नाही. मला महत्त्वाची वाटते ती त्या नेमणुकीतली दिशा. ज्या शिक्षक-विद्यालयांतून एके काळी मंदारिन गावोगाव गेली, तशाच एका संस्थेतला माणूस हक्काचं खातं सांभाळायला बसला. माझ्या घरमालकीणबाईंना ही बातमी मी वाचून दाखवली होती. त्या एवढंच म्हणाल्या, "मग शाळेत तरी बोलू देतील."

खात्याच्या कामात सगळ्यात डोळ्यांत भरणारा उपक्रम म्हणजे तुंगफुलांचा उत्सव. हक्का डोंगरांवर तेलासाठी लावलेली तुंगची झाडं एप्रिल-मेमध्ये पांढऱ्या फुलांनी भरून जातात. वाऱ्याबरोबर पाकळ्या पायवाटांवर पडतात, त्याला तिथे 'मे महिन्यातला बर्फ' म्हणतात. २००२ पासून खात्याने याचा मोठा उत्सव केला. शहरातले लोक लोटले, गावांत चहाची दुकानं, फुलाफुलांच्या कापडाच्या पिशव्या, राहायच्या सोयी. या उत्सवाला नावं ठेवणारे अभ्यासक मला भेटले. माझं मत थोडं वेगळं आहे. त्यापूर्वी शहरातला हक्का माणूस आपण हक्का आहोत हे सांगत नसे, 'न दिसणारे लोक' असंच त्यांना म्हटलं जाई. उत्सवाने ही लपवाछपवी संपवली. पोरं अभिमानाने सांगायला लागली, आम्ही हक्का. पण तेही मंदारिनमध्ये.

२०२१ च्या सरकारी पाहणीप्रमाणे तैवानात हक्का सेहेचाळीस-सत्तेचाळीस लाख, म्हणजे जवळपास दर पाचातला एक. स्वतःला हक्का म्हणवणारे वाढले. त्याच पाहण्यांमध्ये हक्का बोलता येणाऱ्यांचं प्रमाण २०१६ मधल्या साधारण ४७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ३८ टक्क्यांच्या आसपास आलं. वाहिनी आहे, रेडिओ आहे, संग्रहालयं आहेत, कायदा आहे, आणि पाच वर्षांत बोलणाऱ्यांचं प्रमाण शंभरात सत्तेचाळीसवरून अडतीसवर. प्रतिनियुक्तीचा निर्णय घेण्याआधी हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवा.

असं का झालं, ते वेळापत्रकात दिसतं. २००१ पासून तिथे प्राथमिक शाळेत मातृभाषेचा आठवड्याला एक तास आहे. तो तासही चाळीस मिनिटांचा. वर्षाला चाळीस आठवडे धरले तर जेमतेम सत्तावीस तास. बऱ्याच ठिकाणी हा तास घ्यायला तासिका तत्त्वावरचे शिक्षक येत, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत स्कूटरवरून. मुलं त्या तासाला गाणं म्हणत, फळांची नावं म्हणत, परीक्षेला शब्द पाठ करत. घंटा झाली की मंदारिन. भाषा विषय झाली की असंच होतं. मूल ती शिकतं आणि तिच्यात जगत नाही. मराठीसाठी महाराष्ट्रात २०२० मध्ये सगळ्या शाळांना मराठी विषय सक्तीचा करणारा कायदा झाला, २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला. दोन्हींचा मला मनापासून आनंद आहे. तरीही इंग्रजी शाळेतलं मूल मधल्या सुट्टीत कुठल्या भाषेत भांडतं, हे बघितल्याशिवाय मी निश्चिंत होणार नाही.

ल्यूदुईतल्या काही बालवाड्यांनी दुसरी वाट धरली. विषय म्हणून हक्का शिकवणं बंद केलं आणि हक्कामधून दिवस चालवायला सुरुवात केली. त्यातल्या एका बालवाडीत मी सात महिने आठवड्यातून दोन दिवस कोपऱ्यात बसत असे. तिथली बाई सकाळी दारात चपला काढण्यापासून हक्काच बोलायची. हात धुणं, वाटी आणणं, वरण-भातासारखा त्यांचा भात आणि सूप, दुपारची झोप, उशीवरून होणारी मारामारी, सगळं हक्कामध्ये. मूल मंदारिनमध्ये बोललं तर ओरडणं नाही, दुरुस्त करणं नाही. बाई ऐकून घ्यायची, समजलं असं दाखवायची आणि उत्तर हक्कामध्ये द्यायची. पहिले दोन-अडीच महिने मुलं हक्का फक्त ऐकत. मग एके दिवशी एक चार वर्षांचा मुलगा पाण्याची बाटली दुसऱ्याने घेतली म्हणून ओरडला, "ङाय! ङाय!" ङाय म्हणजे मी. मंदारिनमध्ये 'वो' म्हणतात. रागाच्या भरात त्याच्या तोंडून 'मी' हक्कामध्ये निघाला. बाईने बाटलीचं भांडण सोडवलं, मुलाला वर्गात पाठवलं, आणि मग माझ्याकडे येऊन माझा हात घट्ट धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या बालवाडीच्या भिंतीवर एकही तक्ता हक्का शब्दांचा नव्हता.

आता फाटक. साडेतीनला आज्या स्कूटर घेऊन यायच्या. मूल धावत जाऊन हाक मारायचं, "आ-फो!" म्हणजे आजी, आणि हक्कामध्ये काहीतरी सांगायला लागायचं. आणि आजी मंदारिनमध्ये उत्तर द्यायची. तीच आजी शेजारच्या स्कूटरवरच्या बाईशी झकास हक्का बोलत असायची. मी एकीला विचारलं तर ती म्हणाली, "पुढे पहिलीत अडचण नको व्हायला." पाटी गळ्यातून गेली होती, मनात तशीच होती.

त्या शाळेने या फाटकावर उपाय शोधला, तो साधा होता. झाडाखाली दोन बाकं टाकली आणि मुलं सोडायची वेळ तशीच ठेवून आज्यांना वीस मिनिटं आधी बोलावलं. आधी चहा. मग आठवड्यातून एकदा आज्यांनी आत येऊन तांदळाच्या पिठाचे उकडीचे प्रकार करून दाखवायचे. आपल्या मोदकांसारखीच उकड काढतात, मळतात, मुलांच्या हातात गोळा देतात. पीठ चिकटतंय, पाणी कमी झालं, दाब जरा, असं बोलणं आजीच्या तोंडून हक्कामध्येच येतं, कारण हे काम तिने आयुष्यभर त्याच भाषेत केलंय. मुलं त्या भाषेत उत्तर देतात हे आज्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. चार-पाच महिन्यांनी फाटकावर काही आज्या हक्कामध्ये उत्तर द्यायला लागल्या. सगळ्या नाही. मी मोजत होते: सुरुवातीला एकवीसपैकी दोघी, मी निघाले तेव्हा नऊ.

इथे कचेरीतल्या शिक्षकाचं काम सुरू होतं. वर्गात ही कल्पना सुचते, पण तिला टिकवायला लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातलं खर्चाचं खातं लागतं. अंदाजपत्रकात 'आजी' या नावाचं लेखाशीर्ष नसतं. तज्ज्ञ मार्गदर्शकाचं मानधन द्यायचं तर पदवी विचारतात. वर्गात कधीच न शिकवलेल्या अधिकाऱ्याला अशी टिपणी वाचून प्रश्न पडेल की ही बाई कोण, हिची पात्रता काय. वर्गातून आलेला अधिकारी पात्रतेची अट बदलून घेईल: 'भाषा प्रवाहीपणे बोलणारी, गावातली, मुलांशी बोलायला राजी असलेली व्यक्ती.' शासन निर्णयातली ही एक ओळ दहा मेळाव्यांपेक्षा जास्त दिवस टिकते. तैवानच्या हक्का मूलभूत कायद्यातल्या २०१८ च्या सुधारणेने हेच मोठ्या पातळीवर केलं. जिथे निम्म्याहून जास्त वस्ती हक्का, तिथे हक्का ही सार्वजनिक व्यवहाराची मुख्य भाषा, शाळेतही. २०२२ पासून मातृभाषा माध्यमिक शाळेतही सक्तीची झाली. त्याचा परिणाम दिसायला वेळ आहे, पण वेळापत्रकातल्या एका तासापुरती असलेली भाषा कायद्याने निदान माध्यमाच्या दारात आणून ठेवली.

एक गोष्ट तुमच्या जिल्ह्याला फार लागू आहे, म्हणून थोडं थांबते. तैवानातली हक्का एक नाही. सिशियन, हायलू, दापू, राओपिंग, झाओआन असे उच्चारभेद आहेत, आणि सिशियन व हायलू यांचे स्वर तर चढउतारात जवळजवळ उलटे. एकाला जिथे सूर चढतो तिथे दुसऱ्याला उतरतो. सगळ्यांवर एक प्रमाण रूप लादणं खात्याला सोपं गेलं असतं. तसं केलं नाही. परीक्षा पाचही रूपांत होतात, पुस्तकंही वेगवेगळी निघतात, आणि पाच नावांतलं एकेक अक्षर जोडून लोकांनी 'सि-हाय-दा-पिंग-आन' असा शब्द केला, जो चिनीत वाचला की 'चहूकडे सुखशांती' असा अर्थ निघतो. मला हा शब्द फार आवडतो.

याच बाबतीत माझ्या हातून एक चूक झालेली आहे. आपल्याकडे एका जिल्ह्यात, नाव घेत नाही, मी सल्लागार असताना आम्ही आदिवासी मुलांसाठी चित्रमय शब्दकोश छापला. शब्द एकाच गावातल्या दोन शिक्षकांकडून घेतले, कारण मुदत जवळ आली होती. पुस्तक सुंदर झालं. डोंगराच्या पलीकडच्या शाळेत गेले तर बाई म्हणाल्या, "मुलं हसतात मॅडम, हे शब्द आमचे नाहीत." ते गठ्ठे कपाटात राहिले. पावरी, मावची, देहवाली, वसावी यांना एका टोपलीत घालायचा दबाव तुमच्यावर येईल, छपाई स्वस्त पडते म्हणून येईल. तेव्हा कमी पानांची, पण चार वेगळी पुस्तकं मागा. रंगीत छपाई सोडावी लागली तरी चालेल.

हक्कांमध्ये एक म्हण घरोघरी आहे: पूर्वजांचं शेत विकावं लागलं तरी विका, पूर्वजांचं बोलणं विसरू नका. घरमालकीणबाईंच्या देवघराशेजारी ती लिहिलेली होती. त्यांचा नातू तैपेईला इंजिनिअर. तो आला की दोघं मंदारिनमध्ये बोलत. तो त्या म्हणीचा फोटो काढून मित्रांना पाठवायचा, त्याला ती खरंच आवडायची. मला या दोघांपैकी कुणाचाही दोष वाटत नाही. त्यांच्यामधला जो वेळ शाळेने कधी काळी काढून घेतला तो कुणी परत दिला नव्हता, एवढंच.

तर तुम्ही जा. पण होकार कळवण्यापूर्वी वरिष्ठांना तीन गोष्टी विचारा. अंगणवाड्यांवर तुमचं काही चालणार आहे का, कारण सहा वर्षांच्या आधीची वर्षं हातात नसतील तर उरलेलं काम दुप्पट अवघड आहे. अंगणवाडी महिला व बालविकासकडे आणि शाळा शिक्षण विभागाकडे, तेव्हा हे उत्तर सहज मिळणार नाही, तरी विचाराच. दुसरं, भाषा येणाऱ्या स्थानिक माणसाला मानधन देण्याचा अधिकार कुणाकडे आहे. आणि तिसरं, तुम्ही तीन वर्षांनी वर्गात परत येऊ शकाल का. हे शेवटचं मी आग्रहाने सांगते. कचेरीत दोन वर्षं झाली की मुलांचे आवाज कानातून जातात आणि अहवालातली भाषा आपली वाटायला लागते. महिन्यातून दोन दिवस स्वतः तास घेण्याची परवानगी लेखी घ्या.

आणि एक काम आत्ता, याच आठवड्यात करा. शंभर पानी वही घ्या. तुमच्या पहिलीतल्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे लिहा: आईशी कुठल्या भाषेत बोलतं, आजीशी कुठल्या, धाकट्या भावंडाशी कुठल्या, भांडताना कुठल्या. विचारून लिहू नका, ऐकून लिहा. पंधरा दिवस लागतील. ही वही कचेरीत घेऊन जा आणि टेबलाच्या खणात ठेवा. तीन वर्षांनी पहिलीत जी मुलं असतील त्यांची तशीच वही भरा. धाकट्या भावंडाचा रकाना आधी बघा, बदल झाला असेल तर तो तिथेच दिसेल.